ताईला कुठे उभं करायचं?

रिटायर झाल्यापासून शिवदास घाडीगावकरला माणसं सरळ दिसेनाशी झाली. डोळ्यांत बिघाड नव्हता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालेलं. पण समोर कुणी येऊन उभं राहिलं की शिवदासला आधी दिसायची त्या माणसाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मग कॉलरवर पडलेली वेडीवाकडी सावली, मग मागच्या बाल्कनीत वाळत घातलेला कुणाचा तरी लेंगा. हे सगळं कसं काढता येईल याचा विचार होईपर्यंत तो माणूस बोलून, उत्तर न मिळाल्यामुळे वैतागून, निघूनही गेलेला असायचा.

हा नाद लावला त्याच्या मुलीने, श्रुतिकाने. तिने घाटकोपरला ग्राफिक्सचा कोर्स केला, नोकरी लागली, नवा लॅपटॉप घेतला आणि जुना बाबांना दिला. म्हणाली, बातम्या बघा, भजनं ऐका. बाबांनी बातम्या बघितल्या नाहीत आणि भजनंही ऐकली नाहीत. त्या लॅपटॉपवर फोटोशॉप होतं. आणि घरात शिवदासच्या वडिलांचा, म्हणजे गिरणीतल्या धोंडिरामांचा, एकुलता एक फोटो होता. त्याची उजवी मिशी बुरशीने खाल्लेली. श्रुतिकाने दाखवलं की डावी मिशी उचलायची, उलटी करायची आणि उजवीकडे बसवायची. शिवदासने बसवली. वडील पूर्ण मिशीनिशी त्याच्याकडे बघायला लागले आणि शिवदासच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झालं, तिथून माणूस हातचा गेला.

मग त्याने घरातला एकही फोटो सोडला नाही. बायकोची, रतनची, दुसरी हनुवटी काढली. तिच्या मैत्रिणी भजनी मंडळात तिला बाजूला घेऊन विचारायला लागल्या की डॉक्टर कोण गं तुझा. सोसायटीच्या झेंडावंदनाच्या फोटोत वाऱ्याअभावी झेंडा पडलेला होता, तो फडकवला. सेक्रेटरींना केस दिले. सेक्रेटरी खूश झाले, पण पुढच्या मीटिंगला ते टोपी घालून आले आणि त्यानंतर टोपी त्यांनी काढलीच नाही. एकदा मुलुंडच्या बाजारात पापलेट घेताना शिवदास मासेवालीला म्हणाला, "याचा कॉन्ट्रास्ट गेलाय गं." तिने त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रतनने त्या दिवसापासून मासे आणायचं काम स्वतःकडे घेतलं.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण शिवदासच्या घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या फोटोत एक माणूस कमी होतं, आणि ते कमी असलेलं त्याला तीन वर्षं खुपत होतं.

ते माणूस म्हणजे मालन, शिवदासची ताई. त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. वडील गिरणीत, आई दिवसभर डब्यांच्या पोळ्या लाटायची. त्यामुळे शिवदासला न्हाऊ घालणं, शाळेत ढकलणं, धपाटे घालणं आणि दुसऱ्या कुणी धपाटा घातला तर त्या दुसऱ्याला जाऊन बडवणं, ही सगळी खाती ताईकडे होती. लग्न होऊन ती नाहूरला राहायला गेली आणि पुढे शिवदासने घर घेतलं ते मुलुंडला, मुद्दाम तिच्या जवळ. मुलुंडहून नाहूर म्हणजे रिक्षावाला नाक मुरडतो, एवढंच अंतर. त्या अंतरात तीन वर्षं ना ताईचा फोन, ना निरोप.

का? तर साडी!

शिवदासच्या मुलाचं, प्रांजलचं, लग्न ठरलं. शिवदास आणि रतन जोडीने नाहूरला जाऊन ताईला अक्षत आणि मानाची साडी देऊन आले. दोघांची पाठ वळल्यावर ताईने पिशवी उघडली. आत मोरपंखी रंगाची, जांभळ्या काठाची साडी. छान होती. छान असणारच, कारण शिवदासच्या मुलुंडच्या घराच्या वास्तुशांतीला ती ताईनेच दादरहून आणून रतनला दिली होती! फॉल स्वतःच्या हाताने लावला होता. आपला टाका बाई ओळखणार नाही का?

आहेराच्या साड्या घरोघर फिरतात, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. कपाटात एक खण त्यासाठीच असतो. आली साडी की ठेव खणात, आला समारंभ की काढ खणातून. पण कुठली साडी कुणाकडून आली हे बाईने डोक्यात पक्कं ठेवायचं असतं, तो या धंद्याचा पहिला नियम. रतन चुकली. देणारीची साडी देणारीला गेली, आणि तीही थोरल्या नणंदेला, आणि तीही मानाची म्हणून.

ताईने साडी त्यांच्या मालाडच्या चुलतभावाबरोबर, चंद्रप्रकाशबरोबर, परत पाठवली. निरोप एवढाच दिला: "माझं मला परत द्यायची गरज नाही म्हणावं." आणि लग्नाला आली नाही. शिवदास नाहूरला गेला तर दार उघडलं नाही. रतनने फोन केला तर कट केला. प्रांजलच्या लग्नाचा तो मोठा ग्रुप फोटो निघाला, त्यात झाडून सगळे आले, नाहूरचं कुणी नव्हतं.

आता प्रांजलला मुलगी झाली होती. सूनबाई रुचिरा बाळंतपणाला माहेरी, पार्ल्याला होती आणि दोन आठवड्यांनी रविवारी मुलुंडला बारसं होतं. शिवदासला दुसरं काही नको होतं. ताई बारशाला यावी. बास. तिने येऊन सगळ्यांदेखत चार शिव्या घातल्या तरी चालतील, पण यावी. पण नाहूरला जाऊन पुन्हा बंद दारासमोर उभं राहायची त्याची छाती होत नव्हती. मग असल्या घाबरट माणसाने करायचं ते त्याने केलं. लॅपटॉप उघडला.

रतन दुपारी भजनी मंडळात गेली की तो कामाला बसायचा. गावच्या गणपतीतला ताईचा एक उभा फोटो त्याच्याकडे होता. अंगणात उभी, हातात झारा, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे कपाळावर आठ्या. ऊन नसतं तरी आठ्या असत्याच, म्हणून त्या त्याने ठेवल्या. झारा काढला. केसाकेसाने तिला कापून घेतली आणि लग्नाच्या फोटोत नेऊन डाव्या टोकाला, उंच फुलदाणीच्या जरा मागे उभी केली. उजेड जुळवला, पायाखाली सावली टाकली. पण अंगावर होती घरातली सुती साडी. लग्नात अशी कशी चालेल? शिवदास उठला, कपाट उघडलं, वरच्या खणात मलमलीत गुंडाळलेली एक झक्क साडी दिसली, ती पलंगावर पसरून तिचा फोटो काढला आणि मोठ्या मेहनतीने, निरीनिरीने, ती फोटोतल्या ताईला नेसवली. मागच्या पडद्यालाही रंग छान जात होता. काम बघून त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. ताई लग्नाला आली होती! तो बराच वेळ नुसता बघत बसला.

कुठली साडी ते तुमच्या लक्षात आलंच असेल. शिवदासच्या आलं नाही. त्याला साडीचा रंग कळायचा, साडी कळत नव्हती.

हा फोटो तो कुणाला दाखवणार नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण त्याच आठवड्यात प्रांजलच्या लग्नाचा वाढदिवस आला. प्रांजलला फोटो हवा होता. तो बाबांच्या लॅपटॉपवर बसला, 'लग्न फायनल नक्की फायनल' नावाची फाइल उचलली आणि घाडीगावकरांच्या झाडून सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिली. आपल्या लग्नात एक आत्या जास्त झालीय हे नवऱ्यामुलाच्या लक्षात आलं नाही. नवऱ्यामुलांना त्या दिवसातलं काहीही आठवत नाही.

ग्रुपवर धो धो सुरू झालं. "मालनताई किती छान दिसतायत." "राग गेला म्हणायचा, बरं झालं." गावच्या काकीने जोडलेले सहा हात पाठवले. एकाने शंका काढली की ताई आल्या नव्हत्या ना लग्नाला? त्यावर मालाडचा चंद्रप्रकाश, ज्याने स्वतःच्या हाताने साडी परत आणून दिली होती तो चंद्रप्रकाश, छातीठोकपणे म्हणाला, "आल्या होत्या म्हणजे काय? पंगतीत मी स्वतः त्यांना मठ्ठा वाढला."

शिवदासची पाचावर धारण बसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रतन फोन हातात धरून बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, हे तुमचं काम ना?"

"अगं, मी नुसतं..."

"ते राहू द्या. वन्संना साडी कुठली नेसवलीत?"

"कपाटातली. वरच्या खणातली. का? छान आहे की."

रतन मटकन खुर्चीत बसली. "ज्या साडीपायी त्या लग्नाला आल्या नाहीत, ती साडी नेसवून तुम्ही त्यांना लग्नात उभी केलीत," ती म्हणाली. "धन्य आहे तुमची."

शिवदासने फोटो पुन्हा बघितला. मोरपंखी. जांभळा काठ. वाट लागली.

त्याच ग्रुपवर ताईही होती. ती कधी काही लिहायची नाही, फक्त वाचायची. प्रांजलच्या फोनवर, फोटो कुणी बघितला त्या यादीत, तिच्या नावाला दोन निळे टिक आले. बस, एवढंच. शिवदासने रात्री जेवण टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात ताई. घामाघूम, खांद्याला पर्स, हातात फोन आणि फोनवर तो फोटो.

"मेल्या, तुका येड लागला काय?" ताई भडकली की तिच्या तोंडून गाव बाहेर पडायचं. "मी खंय आणि लग्न खंय! तीन वर्षं मी तोंड दाबून बसले, सगळ्यांना कळावं म्हणून बसले, आणि तू एका दुपारीत मला तिथे नेऊन उभी करतोस? आणि ही साडी? ही?"

"ताई, आत ये ना."

"येणारच आहे. काढ मला त्यातून. माझ्या डोळ्यांदेखत काढ."

तीन वर्षांनी ताई घरात आली ती अशी. शिवदासला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकाच वेळी तोंडावर दिसू नये म्हणून तो लॅपटॉपच्या मागे जाऊन बसला. ताईने खुर्ची ओढून घेतली. रतन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. रतन आत जाऊन भांडी आवरायला लागली.

फोटो पडद्यावर आला. हा फोनवरच्यासारखा टिचभर नव्हता. ताईने चष्मा लावला आणि पुढे वाकली.

"आणि उभी केलीस ती कुठे?"

"म्हणजे?"

"कोपऱ्यात! फुलदाणीच्या मागे! माझ्यापुढे ही कोण भवानी?"

"रुचिराची मावशी."

"मुलीकडची मावशी पुढे आणि मुलाची आत्या फुलदाणीमागे? शिवा, हा काय मान झाला?"

"ताई, जागा नव्हती गं. तिथेच काय ती मोकळी होती."

"जागा करायची असते," ताई म्हणाली. "घरच्या लग्नात जागा करायची असते."

शिवदासने माउस हातात धरला होता, तिला काढण्यासाठी. पण ताई काढ म्हणेना. ती बोट पडद्यावर फिरवत एकेकाला ओळखत होती. मधेच म्हणाली, "प्रांजल बारीक दिसतोय रे. जेवला नव्हता का?" मग तिचं बोट रतनवर आलं. रतन मुलाच्या उजव्या हाताला उभी होती. शिवदासला वाटलं, आता ही म्हणणार, हिला हलव आणि मला तिथे घाल.

"ही इथेच राहू दे," ताई म्हणाली. "आईची जागा आईची. मला हिच्या शेजारी घे."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"शेजारी चंद्रप्रकाश आहे ना."

"त्याला काढ."

"ताई, तो खरोखर आला होता."

"मग? मी आले नव्हते तरी आहे ना फोटोत? तो आला होता तरी नसला म्हणून काय बिघडलं? फार तर माझ्या जागी फुलदाणीमागे टाक. मठ्ठा वाढतोय मेला."

चंद्रप्रकाशला उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. तो उचलला की त्याच्यामागे भोक पडणार, ते पडद्याने भरायचं, पडद्याच्या चुण्या जुळवायच्या, रतनच्या खांद्यावर पडलेली त्याची सावली पुसायची. शिवदासने हे सगळं समजावून सांगितलं. वेळ लागेल म्हणाला. दोन-तीन दिवस तरी.

"मग मी उद्या येते," ताई म्हणाली.

आणि आली. रोज दुपारी यायला लागली. शिवदास काम मुद्दाम हळू करत होता, हे सांगायला नकोच. झालेली चुणी पुन्हा उसवायचा, पुन्हा घालायचा. मधेच म्हणायचा, हँग झालाय. त्याला ठाऊक होतं, फोटो झाला की ताई चालली.

साडीचा प्रश्न होताच. ती मोरपंखी उतरवल्याशिवाय ताई पुढे बोलायला तयार नव्हती. ती घरून पिशवीत साड्या घेऊन यायची, आतल्या खोलीत जाऊन नेसायची, भिंतीला टेकून उभी राहायची आणि शिवदास फोटो काढायचा. नारायणपेठ फार काळी दिसली. इरकल रुचिराच्या मावशीच्या साडीत मिसळून गेली. "तिच्यात मिसळायचं नाही मला," ताई म्हणाली. जुनी शेवाळी पैठणी नेसली तेव्हा मात्र दोघांनाही पटलं.

दोघी नणंद-भावजया एका घरात, हाताच्या अंतरावर, आणि बोलणं सगळं शिवदासच्या डोक्यावरून.

"शिवा, तुझ्या बायकोला विचार, घरातलं आलं संपलं का? चहा बेचव झालाय."

"अहो, त्यांना सांगा, आल्याने पित्त होतं असं त्याच म्हणाल्या होत्या."

"सांग तिला, ते मला नाही, माझ्या सासूला व्हायचं. आणि सासू जाऊन जमाना झाला."

दुसऱ्या दिवशी चहात आलं इतकं होतं की ताईला ठसका लागला. तरी तिने कप रिकामा केला.

एकदा चेहरा मोठा करून कडा साफ करत असताना ताईने त्याचा हात धरला.

"थांब. रतनची हनुवटी कमी केलीयस. तुला स्वतःला केस दिलेयत, बघितलं मी. रुचिराच्या मावशीचेसुद्धा दात पांढरे केलेस. मग मला का सगळ्या सुरकुत्या ठेवल्यास? हा कपाळावरचा वणसुद्धा तसाच?"

तो वण शिवदासमुळेच पडला होता. लहानपणी चाळीच्या जिन्यावरून तो गडगडला, तेव्हा त्याला पकडताना ताई कठड्यावर आपटली होती.

"करून बघितलं गं एकदा," शिवदास म्हणाला. "सगळं पुसलं, गाल वर घेतले. छान दिसत होतीस. पण तू आल्यासारखं वाटेना. कुणीतरी दुसरीच बाई आल्यासारखं वाटत होतं. मला तू हवी होतीस, ताई. म्हणून पुन्हा सगळं होतं तसं केलं."

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "काम कर," म्हणाली. "बोलत बसतो."

बारशाचं मात्र तो विचारू शकला नाही. दोनदा जिभेवर आलं आणि दोनदा ताईने विषय वळवला. दिवस संपत होते. शुक्रवारी दुपारी त्याच्याकडे उसवायलाही काही उरलं नाही. फोटो झाला. रतनच्या शेजारी शेवाळी पैठणीत ताई, दोघींचे खांदे एकमेकींना लागलेले, कपाळावर आठ्या, वण जागच्या जागी. कुणी शपथ घेऊन सांगितलं असतं की ही बाई त्या दिवशी तिथेच होती.

ताईने फोटो बराच वेळ बघितला. "झाला?"

"झाला."

"छान केलंस. आता काढ मला."

शिवदासला वाटलं ती चेष्टा करतेय. "ताई, आता का?"

"आले असते तर कशी दिसले असते, तेवढं बघायचं होतं. बघितलं. पण मी आले नव्हते, शिवा. घरी दार लावून बसले होते आणि दिवसभर रडत होते. ते तू काय करणार? ते कशाने भरणार? उद्या तुझी नात मोठी होईल, तिला तू सांगणार की आत्याआजी लग्नात होती. खोटं सांगू नको तिला. काढ."

शिवदासने माउस हलवला. इतक्या दिवसांची मेहनत, आणि काढायला एक टिचकी पुरली. ताई गेली. रतनच्या शेजारी नुसता पडदा राहिला. ताईने पर्स उचलली.

"थांबा, वन्सं."

रतन दारात उभी होती. तिच्या हातात मलमलीची ती घडी होती. ती आली, लॅपटॉप बाजूला सारला आणि घडी टेबलावर ठेवली. तीन वर्षांत ती पहिल्यांदा सरळ ताईशी बोलत होती.

"मी बोलले की भांडण वाढतं, म्हणून गप्प राहिले. आज बोलते. ही साडी मी चुकून दिली नव्हती."

शिवदासने डोळे मिटून घेतले. खलास!

"निवडून दिली होती," रतन म्हणाली. "वाटायला म्हणून एका छापाच्या साड्या आणल्या होत्या, सगळ्यांना त्याच दिल्या. तुमच्यासाठी त्यातली एक हातात घेतली आणि ठेवून दिली. वन्संना ही कशी देऊ? म्हणून कपाट उघडलं आणि माझ्याकडची सगळ्यात चांगली साडी काढली. कुणी दिली ते विसरले हो. डोक्यात शंभर भानगडी होत्या, ते माझं चुकलं, मी पाया पडते. पण चांगली कुठली ते नाही विसरले."

ताईने पर्स खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "एवढी चांगली वाटत होती तर नेसली का नाहीस कधी? घडीसुद्धा मोडलेली नव्हती."

"चांगली होती म्हणूनच नाही नेसले! भाजी आणायला नेसू? वर्षानुवर्षं वाटायचं, प्रांजलच्या लग्नात नेसेन. आणि लग्न आलं तेव्हा वाटलं, मी काय, आईच आहे, कशीही चालेन. ही वन्संना शोभेल."

ताई खाली बसली. तिने साडीवरून हात फिरवला, काठ उलटा केला आणि आपले टाके बघितले. तिचा चेहरा असा झाला होता की शिवदासला तो कुठल्याच बटणाने सुधारता आला नसता आणि सुधारायचाही नव्हता. ती रडत होती.

"हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं गो तुला?"

"फोन केला होता. तुम्ही कापलात."

"एकदा कापला! पुन्हा करायचा! थोरली नणंद एका फोनमध्ये ऐकते होय? एवढी वर्षं घरात आहेस, माझा स्वभाव माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणूनच नाही केला."

"बघ, बघ कशी उलट बोलते. आणि रविवारी काय नेसणार आहेस?"

"ती आहे की जांभळी."

"जांभळीने तू आजारी दिसतेस. ही नेस. ब्लाउज?"

"शिवलेलाच नाही."

"शिवलेला नाही! नाहूरला आमच्या खाली एक बाई आहे, उद्या संध्याकाळपर्यंत देते. मापाचा ब्लाउज काढ. आणि मी उद्याच राहायला येते. पाळणा कोण सजवणार, हा?"

"हे सजवतील की, फोटोत," रतन म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की ताईला पुन्हा ठसका लागला.

शिवदास लॅपटॉपसमोर तसाच बसला होता. फोटोत रतनच्या शेजारची जागा अजून रिकामी होती. त्याने घसा खाकरला.

"म्हणजे ताई, तुला ठेवू की काढू?"

कुणी ऐकलं नाही. रतन कपाटात ब्लाउज शोधत होती आणि ताई तिच्यामागे उभी राहून कपाट कसं लावावं ते सांगत होती.

"अगं, फोटोत ठेवू की काढू? सेव्ह करायचंय."

"गप रे," ताई म्हणाली.

"गप बसा हो जरा," रतन म्हणाली.

शिवदास गप बसला. तीन वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.